मंजूदीदींचा मुका लॅपटॉप

रविवार, संध्याकाळ
चौबे कॉलोनी, रायपूर

दुपारी शेजारच्या मंजूदीदींचा फोन आला. "अगं, अपडेट केलं अन् लॅपटॉप मुकाच झाला. काहून?"

दीदींना दिसत नाही. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या भरवशावर त्या काम करतात, आणि उद्या नवा रायपूरला त्यांची नोकरीची परीक्षा आहे, याच लॅपटॉपवर. तो प्रोग्राम लोकांच्या लॅपटॉपवर बसवायचं पॅकेज मी बनवते, हौसेनं. हौसेनं!

धावतच गेले. प्रोग्रामच्या नव्या आवृत्तीत सेटिंगच्या फाइलची मांडणीच बदलली होती. दीदींची जुनी फाइल त्याला वाचता येईना, म्हणून आवाज बंद. जुनं वाचून नव्या मांडणीत लिहिणारी स्क्रिप्ट तिथेच बसून लिहिली. चालवली. शांतता. दीदी कान देऊन बसलेल्या, बोटं टेबलाच्या कडेला घट्ट. त्या फाइलमध्ये आवाजाचं नाव त्यांनी मराठीत लिहिलं होतं, तिथेच स्क्रिप्ट अडखळत होती. ते सुधारून पुन्हा चालवली, आणि लॅपटॉप बोलला.

"हव, हाच माझा आवाज!" म्हणाल्या आणि रडल्या. मग डोळे पुसत विचारलं, "बाकीच्यांचं काय?"

सुधारलेलं पॅकेज तिथूनच सगळ्यांसाठी पाठवलं. पण ज्यांनी आधीच अपडेट केलं, त्यांचं? घरी आल्यापासून तक्रारींचं पान उघडून बसले आहे. एकही तक्रार नाही. एरवी बरं वाटलं असतं. पण ज्याचा लॅपटॉपच मुका झाला, तो तक्रार लिहिणार तरी कशी?