पहिल्या दृश्यातला माणूस

१४ ऑक्टोबर २०२४, सोमवार

आज सव्वासहाला उठलो. निवृत्तीनंतरच्या वीस वर्षांत असे घडले नव्हते. उठल्याबरोबर कुंपणाचे बटन बंद केले, दाढी केली, आणि आता ही नोंद.

कारण एक चित्रपट. नात रेणू नागपूरला शिकते. तिने टॅबलेटमध्ये भरून दिलेला जुना, कृष्णधवल, इंग्रजी हेरपट. काल सायंकाळी पाहिला आणि जेवणानंतर पुन्हा आरंभापासून पाहिला. निजायला दीड वाजला.

काय बांधणी! एकही वाक्य अनावश्यक नाही. खून एका जुन्या इमारतीत होतो. पहिल्याच दृश्यात लिफ्ट चालवणारा म्हातारा हेराला वर नेतो, नमस्कार करतो. आपण त्याच्याकडे पाहतसुद्धा नाही. खुनी तोच. दुसऱ्यांदा पाहताना लिफ्टच्या दांड्यावरच्या त्याच्या हातावरून नजर हलली नाही.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

काल सकाळी दहाच्या सुमारास मोतीलाल तलावात मृत सापडला.

तो धीवर. सातवीपर्यंत माझा विद्यार्थी. दर बुधवारी ताजी मासोळी आणी आणि मला डिवची: "गुरुजी, तुमचं व्याकरण ह्या मासोळीले नाही समजत, म्हणून जाळ्यात येते बिचारी." मी त्याचे बोलणे सुधारी, तो मुद्दाम पुन्हा तसेच बोले.

गावाने ठरवले की तो पिऊन पाण्यात उतरला आणि बुडाला. "पोलिसाची कटकट कायले?" कोणीतरी म्हणाले. दुपारीच अग्नी दिला. खांदा देणाऱ्यांत माझा मुलगा कुलदीप पुढे होता.

१६ ऑक्टोबर

आज बुधवार. मासोळी नाही.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

बायाबाई आली. मोतीलालची पत्नी. खुर्ची दिली, तरी ती उंबऱ्याशीच बसली.

"गुरुजी, लोक म्हणतात पेला होता. त्यानं जिंदगीत दारू शिवली नाही."

"मला ठाऊक आहे."

"आन त्याच्या पायात चपला होत्या. बक्कल लावून. धीवर चपला घालून तलावाच्या पाळीवर नाही चढत, गुरुजी. खाली काढते, तलावाच्या पाया पडते, मंग चढते. तलाव आमची माय आहे. तो तं आमच्या पोरीले मारे यासाठी."

"मग तुझे म्हणणे काय?"

"तो आपल्या पायानं नाही गेला पाण्यात. कोणंतरी नेला. ज्यानं नेला तो धीवर नाही."

मी तिला वचन दिले की शोध घेईन. ज्याच्यापाशी प्रमाण आहे त्याला गाव खोटे ठरवू शकत नाही, असेही म्हणालो. शाळेत बोलावे तसे बोललो.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

चित्रपट तिसऱ्यांदा पाहिला. हेर प्रत्येक वस्तू दोनदा पाहतो: प्रथम गुन्हेगाराने दाखवली तशी, नंतर आहे तशी.

मोतीलालच्या घरापासून तलावाची वाट आमच्या बांधावरून जाते. चालत गेलो. धान भरात आहे, रानडुकरांचे हेच दिवस. आणि कुंपणाची तार काढून टाकलेली! वाटेशेजारी हातभर गवत जळलेले.

कुलदीपने पावसाळ्यात झटका मशीन बसवले होते. जनावर दचकते, मरत नाही. बटन माझ्या खोलीत. पहाटे साडेचारला, धीवर वाटेला लागण्यापूर्वी, ते बंद करण्याचे काम माझ्याकडे. मंगळवारी तो सहज म्हणाला होता, "आता बटनाचं काम नाही, बाबा."

झटक्याने गवत जळत नाही.

२० ऑक्टोबर, रविवार

दोन दिवस धीर झाला नाही. आज विचारले.

कुलदीपने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "मशीन पोळ्यालेच जळली, बाबा. मोटारीच्या लाइनवरून डायरेक्ट देल्लो होतो, बटन तेच ठेवलो."

"आणि मोतीलाल?"

"साडेपाचले गेलो तं तारेवर पडून होता. लाइन काढलो. उचलून तलावात नेलो."

"त्याने तुला पोहायला शिकवले होते, कुलदीप."

त्याचा चेहरा वाकडा झाला. "मले काय नाही मालूम?"

"मग मला हाक का मारली नाहीस? लपवलेस का?"

"चूक माझी आहे ना? म्हणलो ना. इथंच राहू द्या, बाबा. पुढं नका विचारू."

"काहून?" 'का' ऐवजी गावच्या बोलीतला हा शब्द या घरात मी प्रथमच उच्चारला.

तो उठून गेला.

चित्रपटातला हेर म्हाताऱ्याबरोबर रोज पत्ते खेळत असे. तरीही त्याने स्वतःच पोलिसांना बोलावले. उद्या लाखांदूरच्या ठाण्यात माझ्या मुलाविरुद्ध तक्रार देईन. बायाबाईला वचन दिले आहे.

२१ ऑक्टोबर, सोमवार

तक्रारीत दिवस आणि वेळ अचूक असावी, म्हणून ही वही उघडली. १४ ऑक्टोबर. पहिले वाक्य.

आज सव्वासहाला उठलो.

मोतीलाल पाचला निघत असे. कुलदीपने त्याला माझ्यासाठी उचलले.

तक्रार फाडली. जबाब लिहिला, त्यात आधी माझे नाव आहे, मग त्याचे. बायाबाईला घरी जाऊन सांगितले. तिने दार लावून घेतले. कुलदीप अंगणात उभा आहे, एसटीची वेळ झाली. ही वही सोबत नेत आहे.