ताण दिलेली बाग

धरमपेठ, नागपूर
२० फेब्रुवारी १९८८

प्रिय कुंदा,

पाकिटावरचं अक्षर पाहून तू हे पत्र न उघडताच आजीकडे सरकवशील, अशी भीती आहेच. तरी लिहिते. तुझ्या बाबांशी माझं लग्न होऊन वर्ष होत आलं, आणि आपण दोघी अजून धड चार वाक्यं बोललेलो नाही. पण त्यातलं एक वाक्य माझ्या ऑफिसात फार गाजलं, ते तुला कळायलाच हवं.

माझं काम तुला कुणी नीट सांगितलं नसेल. उपग्रहानं वरून टिपलेल्या चित्रांवरून आम्ही जिल्ह्याचा नकाशा करतो. कुठे बाग, कुठे जंगल, कुठे पडीक, हे कॉम्प्युटर सांगतो. पण त्याला आधी शिकवावं लागतं. आपण शिवारात जायचं, बाग दाखवायची, जंगल दाखवायचं, मग त्या नमुन्यांवरून तो उरलेलं ओळखतो. यंदा जीप मिळाली मोजकीच, म्हणून नमुनेही थोडे, आणि सगळे डांबरी रस्त्याच्या कडेचे. आम्ही दाखवलेल्या संत्र्याच्या बागा नेमक्या मृगबहराच्या, म्हणजे पावसाळ्यात फुललेल्या, हिवाळ्यातही पाणी दिलेल्या, हिरव्यागार. डिसेंबरच्या चित्रात काटोलकडची कितीतरी शेतं कोमेजलेली दिसली आणि त्यानं ती बेधडक पडीक ठरवली. त्यात तू राहतेस त्या आजोळची, तुझ्या आजोबांची बागही गेली! आणि मी त्यावर मान डोलावली. मी इतवारीतली, भांड्यांच्या दुकानामागे वाढलेली. संत्रं मी टोपलीतच पाहिलेलं.

तरी ती बाग पडीक म्हणायला मन घेईना. म्हणून संक्रांतीच्या आधी जीप घेऊन आले. तू शेताच्या धुऱ्यावर उभी होतीस. झाडं वाळली का गं, असं मी विचारलं. तू माझ्याकडे न बघताच म्हणालीस, "वाळले नाही. त्याईले ताण दिला हाय. पानी सोडलं का फुलते." आजी मागून ओरडल्या, "काहून वं, मॅडमले चहा तरी इचार!" तू आत गेलीस ती गेलीसच. चहा आजींनीच आणला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण परतताना हसूही येत होतं. बहर यावा म्हणून पाणी तोडलेल्या बागेला आम्ही ओसाड म्हणत होतो.

मग ताणावरच्या बागांचे नमुने घेतले, सगळं पुन्हा चालवलं. साहेब उशीर झाला म्हणून कुरकुरले, पण नकाशात तुमची बाग बाग झाली. सगळे विचारत होते, हे सांगितलं कुणी? मी ऐटीत म्हटलं, आमच्या कुंदानं.

तुझे बाबा मला म्हणतात, कुंदाला जूनमध्ये इथल्या शाळेत आणायचा हट्ट सोड, ती नाही रमायची, तुला कधी आई म्हणायची नाही. का, तर लग्नात तू कोपऱ्यात बसलीस आणि दिवाळीत माझ्या हातची करंजी ताटात तशीच ठेवलीस. मी त्यांना म्हटलं, एवढ्यावरून पोरीला नावं ठेवू नका. करंजी तर तुम्हालाही आवडली नव्हती! ते हसले. ते तुझ्या काळजीनंच बोलतात, हे मला कळतं.

आता या पत्राचं कारण. आपल्या घरी नवरात्राच्या सुमारास बाळ येणार आहे. अजून कुणालाच ठाऊक नाही, बाबांनाही नाही. त्यांना मी पुढच्या रविवारी सांगीन. मग बातमी तिकडे पोचेल आणि कुणीतरी तुझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणेल, "आता तिले तिचं सवताचं लेकरू होनार, पोरी." ते तुझ्या कानावर पडायच्या आधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून ही घाई. मला आई म्हणू नकोस, प्रेमलता म्हण, काही म्हणू नकोस. पण जूनमध्ये ये. मला तू घरात हवी आहेस. बाळ घरी आणलं की पहिल्यांदा तुझ्याच मांडीवर द्यायचं, असं मी ठरवलंय, आणि तू नसशील तर ते कुणाच्या मांडीवर द्यायचं हे मला खरंच सुचत नाही.

तुझीच,
प्रेमलता