जुनी वाटप-पद्धत चालू ठेवणेबाबत, आणि एका खुर्चीबाबत

प्रति,
मा. मुख्य अभियंता,
संगणक विभाग, पाणीपुरवठा कार्यालय.

मार्फत: पथकप्रमुख, नवी संगणक खोली, वरचा मजला.
(अर्ज लगतच्या वरिष्ठांमार्फतच पाठवावा असा नियम आहे. गेल्या महिन्यातील बढतीपासून अर्जदाराची पत्नीच त्याची लगतची वरिष्ठ आहे. अर्जदाराचा नाइलाज आहे.)

विषय: लिनक्स कंटेनरांची जुनी वाटप-पद्धत बंद न करणेबाबत.

संदर्भ: आपले परिपत्रक, 'कंटेनर-प्रणालीची नवी आवृत्ती जुन्या पद्धतीच्या यंत्रावर सुरूच होणार नाही'.

महोदय,

१. अर्जदार या कार्यालयात मेमरी-वाटपाचे काम पाहतो. पंप, मीटर, तक्रारी असा प्रत्येक प्रोग्रॅम आपल्याकडे आपापल्या कंटेनरात, म्हणजे बंद डब्यात, चालतो. कोणत्या डब्याने किती मेमरी आणि किती प्रोसेसर वापरावा हे बांधून दिले नाही, तर एकटा तक्रारींचा डबा सगळे यंत्र गिळून बसेल, हे आपण जाणताच.

२. जुन्या पद्धतीत मेमरीचे झाड (म्हणजे फांद्याफांद्यांनी मांडलेला वाटपाचा तक्ता) वेगळे, प्रोसेसरचे वेगळे. मेमरी अर्जदाराकडे, प्रोसेसर शेजारच्या टेबलावरील बाईंकडे. दोन्ही झाडांवर डब्यांची मांडणी जुळायला हवी, म्हणून रोज सकाळी दोघांनी एका पडद्यासमोर खुर्च्या ओढून बसायचे अशी खोलीची रीत पडली. बाई विचारीत, "काय मेमरीवाले, पंपाला किती देताय?" अर्जदार म्हणे, "तुमचा हात किती सैल आहे ते बघून ठरवतो." पुढे त्या अर्जदाराच्या पत्नी झाल्या. ही बाब तांत्रिक आहे.

(समासात, हिरव्या पेनने, पथकप्रमुख: तांत्रिक नाही. पण खरी आहे.)

३. नव्या पद्धतीत झाड एकच. मेमरी, प्रोसेसर, डिस्क, सगळे एकाच फांदीवर आणि एकाच माणसाच्या हाती. ती शिकवायला आपण बाहेरून तज्ज्ञ आणलेत. गळ्यात हेडफोन अडकवून फिरणारे हे गृहस्थ 'झाडवाले' म्हणून ओळखले जातात. पत्नी शिकायला वर गेल्या त्या वरच राहिल्या. आता घरी भाजी चिरतानाही वाक्य सुरू होते ते "झाडवाले म्हणतात की" असेच. अर्जदारानेही आजवर बरेच काही म्हटले आहे. ते कोणी भाजी चिरताना सांगितल्याचे ऐकिवात नाही.

३. (पुन्हा, कारण वरच्या ३ मध्ये मुख्य मुद्दा राहिला.) मागच्या आठवड्यात अर्जदार प्रिंटरचा टोनर मागण्यासाठी वर गेला असता दोघे एका पडद्यासमोर बसलेले होते. खुर्च्यांचे हात एकमेकांना टेकलेले होते. माणसांचे नव्हते, हे अर्जदार प्रामाणिकपणे नमूद करतो. झाडवाले सांगत होते की मर्यादेपाशी आलेल्या डब्याला नवी पद्धत एकदम मारत नाही, आधी नुसता धीमा करते. यावर पत्नी खळखळून हसल्या. यात हसण्यासारखे काय होते, हे अर्जदारास अद्याप उमगलेले नाही.

(समासात: तुम्हाला पाहून हसले. टोनर मागायला आलेला माणूस हातात टोनर घेऊन दारात उभा राहत नाही. आणि झाडवाले मला ताई म्हणतात.)

४. नव्या पद्धतीत म्हणे प्रत्येक डबा मेमरीसाठी किती ताटकळला, तेही पडद्यावर दिसते. खालच्या खोलीत अर्जदार किती ताटकळतो, हे कोणत्याच पद्धतीत दिसत नाही. पत्नी तर सहज बोलून गेल्या, "अहो, आता वेगवेगळं वाटायची गरजच उरली नाही." तेव्हापासून अर्जदाराला जेवण गोड लागत नाही.

५. तरीही अर्जदार कामात कमी पडलेला नाही. पंपाचा डबा हा पत्नींचा लाडका. खालच्या जुन्या यंत्रावर अर्जदार रोज सकाळी त्याची मर्यादा थोडी वाढवत गेला. हिशेब जुळवायला तक्रारींच्या डब्याची तेवढीच कापली. शेवटी तो उपासमारीने बंद पडला आणि नागरिकांचे फोन थेट आपल्याकडे आले, त्याबद्दल क्षमस्व. काल झाडवाल्यांनी सर्वांदेखत सांगितले की पंपाचा डबा रिकामा आहे. आतला प्रोग्रॅम केव्हाच वर हलवला आहे. म्हणजे अर्जदार इतके दिवस रिकाम्या डब्याला भरवत होता.

(समासात: हलवला त्याच दिवशी तुम्हाला सांगायला हवे होते. पण रोज सकाळी वरच्या पडद्यावर दिसायचे, पंपाला वाढवून दिले आहे. तेवढे एक थांबवणे माझ्या जिवावर आले.)

६. सबब विनंती की जुनी पद्धत बंद करू नये. ते शक्य नसल्यास झाडवाल्यांना दुसऱ्या कार्यालयात पाठवावे. तेही शक्य नसल्यास त्यांच्या खुर्चीचे हात काढून घ्यावेत. यातले काहीच जमत नसेल, तर अर्जदारास नव्या झाडावर कुठेही जागा द्यावी. तिथे वरची फांदी देईल तेवढेच खालच्या फांदीला मिळते, हे त्याने वाचले आहे. वरच्या फांदीवर पत्नी असल्यास त्याची हरकत नाही.

आपल्या आज्ञेतला आणि अजून खालच्याच खोलीतला,
(सही)
मेमरी-वाटप लिपिक

दिनांक: जुने यंत्र बंद होण्याआधीचा सोमवार

सोबत: १) डब्यांच्या मेमरी-मर्यादांची प्रत. २) टोनर, न वापरलेला.

लगतच्या वरिष्ठांचा शेरा:
मा. मुख्य अभियंता यांना सादर. जुनी पद्धत ठेवण्याची शिफारस करता येत नाही. जुने यंत्र शुक्रवारी बंद होईल. झाडवाल्यांचे कामही त्याच दिवशी संपते, त्यामुळे त्यांच्या खुर्चीचे हात काढू नयेत. ती खुर्ची अर्जदारास द्यावी. नव्या पद्धतीला एकच माणूस पुरतो, हे परिपत्रकात म्हटले आहे ते बरोबरच आहे. तरी नव्या झाडावर पंपाच्या डब्याची मर्यादा मी अजून बांधलेली नाही. किती द्यायचे, ते मेमरीवाल्यांना विचारून ठरेल.