न भरलेली ओटी

सोम. ५ जाने.
वृषालीला सातवा लागला. मागच्या वेळी तिसऱ्यातच सगळं संपलं होतं, त्यामुळे आज डॉक्टरबाई "छान आहे" म्हणाल्या आणि दवाखान्याच्या जिन्यातच माझे डोळे भरले. मागोमाग आठवलं. देवीला बोललेलं आता फेडायला हवं.
दिवस राहिल्याचं कळलं त्याच आठवड्यात बदलापूरच्या पुढे आमच्या गावदेवीला बोलून आले होते. लेकीला सुखरूप ठेव, सातव्यात ती स्वतः येऊन तुझी ओटी भरेल. लेकीला विचारलं नव्हतं. अजून सांगितलेलंही नाही.
खण उल्हासनगरहून आणला. देवीच्या वस्तूत घासाघीस करत नाही. थोडी केली. सिंधी दुकानदार म्हणाला, "मावशी, भगवान के लिए भी डिस्काउंट?" लाज वाटली, पण दिलं त्याने.

शुक्र. ९ जाने.
चिखलोलीला वृ.कडे. जावई कामावर गेलेले. भाजी निवडता निवडता सांगून टाकलं. रागावेल वाटलं होतं, तर शांतच. ते जास्त वाईट.
म्हणाली, माझ्या नावाने का बोललीस? मी येईन तुझ्याबरोबर, पिशवी धरीन, पण ओटी भरणार नाही, हात जोडणार नाही.
मी म्हटलं, तुझा देवावर विश्वास नाही हाही तुझा एक विश्वासच की. आम्ही आहे मानतो, तू नाही मानतेस. तुझंही सोवळंच.
"नाही गं आई. मी काही मानत बसलेली नाही. मी चहात साखर घेत नाही, म्हणजे मी साखरेचा उपास धरलाय का? नाही घेत, एवढंच."
मी म्हटलं, मग कुणाच्या घरी साखरेचा आला तर मुकाट पितेस ना? तसा माझ्यासाठी एकदा पी. तुला तिथे कुणी नाहीच, तर कुणीही नसलेल्याला हात जोडायला तुझं काय जातं?
हसली. परत भाजी निवडायला लागली. मला वाटलं जिंकले.
"माझं काही जात नाही. पण तुला वाटेल मी जोडले. ती तुझी फसवणूक होईल आई."
घरी येईपर्यंत डोक्यात तेच. तिच्या तोंडून हे देवीच्या कानावर गेलं असेल तर.

रवि. ११ जाने.
ह्यांना सगळं सांगितलं. पेपर खाली न ठेवता म्हणाले, देवीला सगळं कळतं म्हणतेस, मग पोरीच्या मनात नाही हेही कळणार, जबरदस्तीची ओटी तिच्या काय कामाची? मी म्हटलं, तुम्हाला मस्करी सुचते. तर म्हणाले, मी मस्करी नाही करत, तू घाबरतेस, तेव्हा तुला सगळी मस्करीच वाटते.
खरं आहे. घाबरते. मागच्या वेळी मी काहीच बोलले नव्हते देवीला. ह्या वेळी बोलले आणि चुकीचं बोलले. कुठलं जास्त वाईट, कळत नाही.

मंगळ. १३ जाने.
एकटीच देवळात गेले. गुरवांना विचारलं, मी भरली तर चालेल का.
"बोललं कोण?"
"मी."
"मग ताई, दुसऱ्याच्या हातांचं वचन तुम्ही कसं दिलंत? स्वतःचं सोनं बोलायचं होतं, उपास बोलायचे होते."
हे मला कसं सुचलं नाही. इतकी वर्षं देवधर्म करते.
म्हणाले, देवीलाच विचारू. कौल लावला. ओली फुलं देवीच्या दोन्ही अंगांना चिकटवली. उजवं पडलं तर मी भरायची, डावं पडलं तर वृषालीनेच. बसले. गुरवांनी दोनदा गाऱ्हाणं घातलं. मागे बायका खोळंबल्या. फुलं तिथेच. एकही हलेना.
"आज बोलत नाही," गुरव म्हणाले. "हो नाही, नाही पण नाही."
म्हटलं, रागावली असेल का? म्हणाले, रागावली असती तर डावं पडलं असतं. आणि मागच्या बाईला पुढे बोलावलं.
ओटीची पिशवी तशीच परत आणली. तांदळात मिरची टाकून ठेवली, पोरकिडे नकोत.

गुरु. १५ जाने.
काल संक्रांतीचा तिळगूळ द्यायला गेले तेव्हा वृ.ला कौलाचं सांगितलं. सांगायला नको होतं.
"हो नाही, नाही पण नाही? मग तुझी देवी माझ्यासारखीच की."
जावई हसले. मीही हसले असावे. बाहेर येऊन रिक्षात तोंडात मारून घेतलं, तिच्या वतीने. रिक्षावाला आरशातून बघत होता.

शुक्र. २३ जाने.
वृ.चे पाय सुजलेत. बाकी ठीक म्हणते. उद्यापासून दोन दिवस तिच्याकडेच राहायला जाते. हे म्हणाले जा, माझं मी बघतो. म्हणजे वडापाव.

रवि. २५ जाने.
दुपारपासून बाळ हललं नाही. दवाखान्यात आहोत. पुढचं नंतर.

सोम. २६ जाने.
वृ.चे कपडे तिच्या घरून घेतले, आंघोळीला आपल्या घरी आलेय. खालच्या मैदानात झेंडावंदनाची गाणी चाललीत.
काल जेवून ती डाव्या कुशीवर पडली, गोड खाल्लं, पाणी प्यायली. काही नाही. जावई बाहेर गेलेले, त्यांना फोन केला आणि आम्ही दोघीच रिक्षाने बदलापूरला निघालो. तिने माझा हात इतका आवळला की बांगडी रुतली.
म्हणाली, "आई, तुझं ते म्हण ना. संध्याकाळचं."
देवीचं स्तोत्र. लहानपणापासून रोज म्हणते. ती पोटात होती तेव्हाही म्हणायचे.
मी तोंड उघडलं. शब्द सगळे होते. पण जिला म्हणायचं, तिथे कुणी नव्हतं. देवीवर रागावले नव्हते, नाही म्हणत नव्हते, तसलं काही मनात आलंच नाही. नुसतं मोकळं. चूल विझल्यावर हात पुढे केला तर लागतं तसं. वृ. वाट बघत होती. मी तिची पाठ चोळत राहिले.
ठोके सापडले. डॉक्टरबाई म्हणाल्या बाळ आहे, पण ठोके आम्हाला हवे तसे नाहीत, काही दिवस इथेच राहू दे, गरज पडली तर लवकर काढावं लागेल. लवकर म्हणजे किती, विचारलं नाही.
रात्री वृ.ने विचारलं, म्हटलं का नाहीस गं? मी म्हटलं, घसा कोरडा पडला होता. तिने लगेच पाण्याची बाटली पुढे केली.
आत्ता आंघोळ करून देवासमोर उभी राहिले. काडी ओढायला भीती वाटत होती. देवीची नाही. ते रिक्षातलं परत आलं तर.
दिवा लावला. हात जोडले, रोजच्यासारखे. हे दारातून बघत होते, त्यांना काही वेगळं दिसलं नाही.
उद्या मंगळवार. ओटीची पिशवी खाली काढली, परत फळीवर ठेवली. परत काढली.