टॅक्सीमागे टाकलेलं पाणी

४ मे, शनिवार

ब्रॅम गेला. दोन वर्षं इझमीरमध्ये राहिला, "बिल आणा" एवढीच तुर्की शिकला, आणि काल निरोपाच्या जेवणात असा रडला की इथेच जन्मला होता जणू!

नेहमीचंच मेहाने, म्हणजे इथला खाण्यापिण्याचा अड्डा, कोपऱ्यातलं लांब टेबल, खरबूज, पांढरं चीज, वांग्याचं भरीत, बडीशेपेची दारू राकी. वाढपी वेदात दारातच म्हणाला, "इल्दिकोबाई, आज कोणाला लावताय वाटेला?" क्लॅरिनेटवाल्याने तेच निरोपाचं गाणं काढलं. कोण कधी डोळे पुसणार ते आता मला पाठ झालंय.

जाणाऱ्याचा शेवटचा नाश्ता माझ्याकडे — हा नियम माझाच, कुठल्या मूर्ख क्षणी केला कोण जाणे. सकाळी टॅक्सी आली. समोरच्या दारातल्या मुअल्ला आब्ला, म्हणजे मुअल्लाताई, चपला फटफटवत खाली उतरल्या, हातात तांब्याची घागर. टॅक्सी हलली तसं मागून भसकन पाणी! "पाण्यासारखा जा, पाण्यासारखा ये!" ब्रॅमने काच खाली करून विचारलं, "गाडीला आग लागली का?"

जिना चढताना मी म्हटलं, "आब्ला, इतक्यांच्या मागे पाणी टाकलंत, आला का एक तरी परत?"

"माझा नवरा यायचा. बोटीवर स्वयंपाकी होता, दर वेळी पाणी टाकायचे, दर वेळी यायचा. कारण मी दारात असायचे. पाणी टाकणाऱ्याने घर सोडायचं नसतं पोरी, नाहीतर माणूस येणार कोणाकडे?"

असला नियम मी दुसऱ्या कोणाकडूनही ऐकलेला नाही. हा त्यांचाच.

६ मे, सोमवार

हंगेरीतल्या सेगेदहून बहिणीचा फोन. "वरचा मजला रिकामा आहे. अजून किती वर्षं परक्यांना बाजार दाखवत फिरणार आहेस?"

ये म्हणाली. येते म्हटलं! तोंडातून निघून गेलं, आणि मग बरंच वाटलं. तिकीट काढलं — २९ जून.

कोणाला सांगणार नाही. मला ते टेबल नको, ते गाणं नको. आब्लांनाही जायच्या दिवशीच सांगेन.

१० मे, शुक्रवार

केमेरआल्तीच्या बाजारात नवं जोडपं. कॅनडाचे. त्यांच्या कंपनीने मला नेमलंय — घर लावून द्या, बाजार दाखवा, चार ओळखी करून द्या. तिला "अस्सल" गालिचा हवा होता, पण मांजराच्या नखांना टिकणारा. त्याला बेकन कुठे मिळतं ते हवं होतं. मग दृष्ट न लागण्याचे निळे मणी, मग साबण, मग पुन्हा गालिचा. दुकानदाराशी घासाघीस मी केली, चहा त्यांनी प्यायला.

ती म्हणाली, "तुम्ही इथल्याच का?"

मी तोंड उघडायच्या आत दुकानदार म्हणाला, "आमचीच आहे हो! नुसतं नाक हंगेरीचं."

सगळे हसले. मीही. पण खाडीपलीकडे घरी परतताना बोटीत ते वाक्य डोक्यातून जाईना. चिमटा बसला.

१८ मे, शनिवार

काल अल्सान्जाक भागातला गच्चीवरचा बार. नवे आलेले नाचले. मी पर्सा सांभाळल्या.

२६ मे, रविवार

आब्ला चहाला आल्या आणि थेट खिडकीपाशी गेल्या.

"कुंड्या कुठे गेल्या?"

"कीड लागली, आब्ला."

"सगळ्यांना एकदम?"

मी साखर शोधायला आत गेले. साखर टेबलावरच होती. बाहेर आले तर त्या टेबलाशी येऊन बसलेल्या. मग दुसरंच बोलल्या — किराणावाल्याने खिडकीतून सोडलेल्या टोपलीत शिळं गेवरेक, तिळाच्या पावाचं कडं, घातलं, तीळसुद्धा मऊ पडलेले. मी हो हो म्हणत राहिले. कुंड्या मीच वाटून टाकल्यात; खोटं बोलायचा सराव नाही मला. चेहरा सगळं सांगून टाकतो.

२ जून, रविवार

आब्लांनी चहा पेल्याशेजारी ओतला. मेजपोशावर. "हात हलला," म्हणाल्या. हात नाही हलला, दिसत नाहीये त्यांना.

मग निघालंच. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत, आणि एकात आणखी काहीतरी. मुलगा तुंजाय जर्मनीतल्या कोलोनहून रोज फोन करतो — इकडे ये, ऑपरेशन करू, माझ्याकडेच राहा. त्या नाही म्हणतात.

"माझ्यामागे दार कोण उघडणार?"

"कोणाला, आब्ला? येतंय कोण?"

त्यांनी नावं घेतली! ब्रॅम, त्याच्या आधीचे ते जपानी नवराबायको, कोण कोण. मी विसरले होते त्यांतले निम्मे. आणि सोर्चा. ती आयरिश मुलगी सगळ्यांत जास्त रडली होती, आणि नंतर एक ओळसुद्धा पाठवली नाही. तिची लाल छत्री अजून आब्लांच्या दारामागे टांगलेली आहे.

मी चिडले. "त्या छत्रीपायी आंधळ्या होणार का तुम्ही?"

"तू आहेस की हात धरायला," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघत राहिल्या. किती दिसलं त्यांना, देव जाणे. मी मान खाली घालून मेजपोश पुसत बसले. स्वतःची लाज वाटली.

१६ जून, रविवार

आज बायराम, म्हणजे बकरी ईद. तुंजाय आलाय, बायकोला घेऊन. मी हात धुऊन चॉकलेटचा डबा घेऊन गेले. दारातच पाहुण्यांच्या हातावर शिंपडायच्या सुगंधी पाण्याची बाटली — हातावर लिंबाचा वास, गालावर मुका, सगळं रीतसर.

तुंजाय म्हणाला, "इल्दिको आब्ला, तुम्हीच समजवा आईला."

मी बोलणार, तेवढ्यात आब्ला म्हणाल्या, "कोणी समजावू नका. मी येते. गुरुवारची तिकिटं काढ."

तुंजायच्या हातातला मिठाईचा तुकडा, बकलावा, तसाच राहिला. मला काय झालं सांगू? राग आला! मी जाणार हे चालतं. त्या जाणार हे कसं चालेल? घरी येऊन भांडी घासली. स्वच्छ होती ती.

२० जून, गुरुवार

आब्ला गेल्या.

सकाळी नाश्ता माझ्याकडेच. त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली, "झाडांना पाणी घाल" म्हणाल्या. मी "हो" म्हटलं. नऊ दिवसांनी कोण घालणार ते सांगायला जीभ वळली नाही. आज सांगायचं, आता सांगायचं, करत करत बॅगा खाली गेल्या.

टॅक्सीचं दार लागलं आणि माझं मलाच कळलं नाही — धावत वर गेले, त्यांचं दार उघडून तांब्याची घागर नळाखाली धरली, तशीच खाली. गाडी हलली. भसकन! "पाण्यासारख्या जा, पाण्यासारख्या या!" आवाज फाटला.

कोपऱ्यावर गाडी थांबली. काच खाली झाली, आब्लांचं डोकं बाहेर आलं.

"झालं पोरी! टाकलंस ना पाणी? आता मी येईपर्यंत घर सोडायचं नाही!"

आणि खदखदून हसल्या. म्हातारी! कुंड्यांच्या दिवसापासून ओळखून होत्या. आतून तुंजाय म्हणत होता, "आई, डोकं आत घे." मी रिकामी घागर घेऊन उभी. चपला भिजलेल्या.

२१ जून, शुक्रवार

हा शुद्ध वेडेपणा आहे. पाणी ते पाणी. बहिणीने वरचा मजला रंगवून घेतलाय माझ्यासाठी. तिकीट हातात आहे. किल्ली किराणावाल्याकडे ठेवेन, झाडांना तो घालेल पाणी.

संध्याकाळी कॅनडावाल्यांना मासळीबाजार दाखवला. घरी येऊन एक बॅग भरली. दुसरी भरली नाही. दमले होते.

२५ जून, मंगळवार

तुंजायचा निरोप. एका डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. आब्लांनी विचारलंय, इल्दिको कुठे आहे?

"घरीच," असं लिहिलं. ते खरंच होतं, आजपुरतं.

२८ जून, शुक्रवार

दुपारी बेल वाजली. माझी नव्हे, समोरची. पुन्हा वाजली. दुसऱ्या बॅगेचं कुलूप लावत होते, ते टाकून दार उघडलं.

जिन्यात सोर्चा! केस कापलेले, सुटकेस, कडेवर झोपलेलं पोर. मला बघून रडू लागली, अगदी तशीच.

"आब्ला नाहीत का?"

म्हटलं, "लेकाकडे गेल्यात. येतील. तोवर मी आहे."

आणि किल्ली आणून समोरचं दार उघडलं.