बुटाखालची घोंगडी

पुणे, मंगळवार

माय, तुझ्या पायावर अंगदनं डोकं ठेवलंय.

मी खुशाल हाय, जेवण वेळेवर मिळतंय. फोनवर माझा आवाज चढला असता, म्हणून ही चिठ्ठी गावाकडं निघालेल्या सटवामामाच्या हातानं धाडतोय. धाकट्या मोहिनीकडून वाचून घे. तुझा गुडघा कसा हाय?

पॅरिसच्या प्रदर्शनात मी मागावर घोंगडी विणून दाखवणार होतो, त्याची काल इथं रंगीत तालीम झाली. प्रदर्शनाच्या बाईंनी आधी आपल्या घोंगडीवर अत्तर फवारलं. म्हणे, मेंढराचा वास येतोय. मग काय मोगऱ्याचा येणार? तेवढंबी मी गिळलं.

मग तू कातलेल्या लोकरीची, आबांनी विणलेली ती घोंगडी त्यांनी दारात अंथरली, आन् सगळे बुटासकट तिच्यावरून गेले. बिरोबाम्होरं आपण जी अंथरतो, तिच्यावर आपलं लेकरूबी चप्पल घालून पाय देत न्हाई. मी म्होरं झालो. म्हणलं, उचला.

बाई हसून म्हणाल्या, "पॅरिसच्या लोकांना हेच आवडेल."

थू असल्या आवडीवर! मीच उचलली. आता माझ्या जागी दुसरा जाणार हाय. आबांना हळूच सांग.

इथं मांडलेला माग खोलून शनिवारी येतो. घोंगडी लई झटकली, पण बुटाचा डाग निघंना. आल्यावर आधी ओढ्यावर धुऊ, मगच देवापुढं नेऊ.

धारूरच्या चौकात माझ्या अभिनंदनाचं बॅनर लावलंय, ते काढू देऊ नको. त्यातलं पॅरिस तेवढं खोडायला सांग.

तुझाच,
अंगद