सूर्यघड्याळाचा वाकडा काटा

मी, एवाल्ड लेनर्ट, वय एक्क्याऐंशी, धंदा द्राक्षमळा, राहणार श्टाइनलाय, मोझेल नदीच्या उन्हाकडच्या काठावर, पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहितो. कोणी दबाव आणलेला नाही. माझी मुलगी बिर्गिट तर म्हणते, "बाबा, इतक्यात कुठे निघालात? आधी सूप घ्या."

मी आठवीपर्यंत शिकलो. वकिलाच्या कचेरीतल्या बाई म्हणाल्या, सगळे हाताने लिहा, टाइप केलेले चालत नाही, आणि साक्षीदार लागत नाहीत. मला लागतो. का, ते चौथ्या कलमात येईल.

१. घर बिर्गिटला. दाराशेजारच्या भिंतीवर पुराच्या खुणा कोरल्या आहेत, सगळ्यांत वरची माझ्या हनुवटीला लागते. रंग देताना त्या बुजवू नयेत. तळघराच्या खिडकीची कडी नीट बसत नाही, हेही लिहून ठेवतो, नाहीतर राहून जाईल.

२. तळघरात १९७६ सालच्या अकरा बाटल्या आहेत. माझ्या दफनानंतर त्या सगळ्यांनी मिळून प्याव्यात. बोटीवरून उतरणाऱ्या पाहुण्यांना गाव दाखवणारे श्री. मोझमान यांना मात्र अर्धाच ग्लास. आमच्या मळ्यातले सूर्यघड्याळ मठातल्या साधूंनी बांधले असे ते सांगत फिरतात. साधूंनी वाईन प्यायली, एवढेच. घड्याळ माझ्या पणजोबांनी बांधले, उतारावरच्या उंच दगडी भिंतीवर, मळ्यातल्या माणसांना जेवणाची वेळ कळावी म्हणून. श्री. मोझमान यांनी चारचौघांत चूक कबूल केली तर ग्लास पूर्ण भरावा.

३. घड्याळाखालचा मळा बिर्गिटला. वेली उपटून पाहुण्यांसाठी बाक टाकू नयेत. उतारावरचे दगड पावसात निसटतात, तेव्हा पाऊस पडून गेल्यावर दोन दिवस वर जाऊ नये. हे मी तिला शंभर वेळा सांगितले आहे, पण लिहिलेले बरे.

४. हे कलम मी तीनदा लिहून फाडले.

सूर्यघड्याळाचे आकडे दर वर्षी ईस्टरच्या आधी पांढऱ्या रंगाने रंगवायचे, हे काम आमच्या घराण्याकडे आहे. १९७८ च्या वसंतात मी रंगवत असताना शिडी सरकली. मी घड्याळाचा लोखंडी काटा धरला आणि त्यालाच लोंबकळलो. जीव वाचला, पण काटा डावीकडे वाकला. मी तो नजरेच्या अंदाजाने सरळ केला. तो सरळ झाला नाही, हे मला तेव्हाच ठाऊक होते. घरी येऊन फक्त आग्नेसला, माझ्या दिवंगत पत्नीला, सांगितले. ती म्हणाली, "तू सरळ घरी आलास ना, मग झालं. पण लोकांना सांगून टाक." मी सांगितले नाही. पणजोबांनी बांधलेले घड्याळ मी बिघडवले, हे कोणत्या तोंडाने सांगणार?

मनगटावरचे घड्याळ आणि सूर्यघड्याळ कधीच जुळत नाहीत, त्यामुळे कोणाच्या लक्षात आले नाही. एका माणसाच्या आले. एगोन हाउथ, माझा मळ्याशेजारी. त्या साली द्राक्षतोडणी संपल्यावर गावातल्या मळेवाल्यांच्या संघाच्या तळघरात सगळे जमलो होतो. एगोन म्हणाला, "एवाल्ड, तुझं घड्याळ चुकतंय रे. पूर्वी सावली बारावर आली की सूर्य पलीकडच्या पडक्या किल्ल्याच्या बुरुजावर असायचा. आता बुरुज ओलांडून गेला तरी बारा वाजत नाहीत."

मी म्हणालो, "बापावर गेलास तू. सकाळपासून ग्लासात बघितलं की बुरुज हलतोच."

सगळे हसले. एगोनचा बाप दारूपायी गेला होता, आणि एगोन वाईन बनवतो पण एक घोटही पीत नाही, हे हसणाऱ्यांना माहीत होते. मलाही. त्याने टोपी उचलली आणि तो गेला.

त्यानंतर शेहेचाळीस वर्षे आम्ही बोललो नाही. आमच्या मळ्यांमध्ये गुडघाभर उंचीचा दगडी बांध आहे. सूर्य बुरुजावर आला की एगोन बांधावर बसून पाव आणि सॉसेज खातो. मी सावली बारावर येईपर्यंत त्याच्यासमोर भुकेला काम करतो. पाव तासाचा फरक आहे. मी मोजला आहे. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतूनही तो बुरुज दिसतो. घरी असलो की दुपारी मी पडदा ओढून घेतो.

म्हणून: शिडी, ब्रश आणि काटा सरळ करण्याचा पूर्ण हक्क माझ्या मृत्यूनंतर एगोन हाउथ यास. तो खरे बोलला होता, हे चर्चच्या सूचनाफलकावर माझ्या नावाने लावावे.

पण एगोन त्र्याऐंशीचा आहे. तो आधी गेला तर? त्याने घेतलेच नाही तर? फलकावरचा कागद वाऱ्याने उडाला तर? रात्रंदिवस हेच चालू आहे. म्हणून साक्षीदार म्हणून त्यालाच बोलावले. बिर्गिट आणायला गेली आहे. येईल असे वाटत नाही.

पुढचे नंतर लिहिले आहे. एगोन आला. बसला नाही. उभ्याने सगळे वाचले, चौथे कलम दोनदा. मग म्हणाला, "मेल्यावर कशाला? तेव्हा तू मला एकट्यालाच शिडीवर चढायला लावशील. उद्या ये. बारा वाजता. माझ्या बारा वाजता."

मी म्हणालो, "मला आता शिडी चढवत नाही."

"तुला कोण चढवतंय? एकदा लोंबकळलास तेवढं पुरे. पोरगी चढेल, मी शिडी धरेन. तू रंग ढवळ."

"आणि ते तळघरातलं, एगोन—"

"ते तळघरातच बोल. तेव्हा जे हसले, त्यांतले चौघं अजून आहेत."

चौथ्या कलमातले 'माझ्या मृत्यूनंतर' हे शब्द खोडून 'उद्या' असे वाचावे. फलकाचे रद्द. संघाच्या तळघरात मी स्वतः उभा राहून सांगेन. बाकी कलमे कायम.

सही: एवाल्ड लेनर्ट
साक्षीदार: एगोन हाउथ (वाचून, उभ्याने)
ठिकाण: श्टाइनलाय, माझे स्वयंपाकघर
तारीख: १९ मार्च २०२४
वेळ: पडदा उघडला आहे. सूर्य बुरुजावर. म्हणजे बारा.